अनुदान आहे, पण खानदेशच्या पोरांसाठी दार कुठे?

१९१८ च्या सुमारास, कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजाराविषयी सल्ला देणारी कंपनी काढली. सल्ला देणारा महार आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले. ज्ञान का कमी होते? आजच्या उद्योजकता योजना आम्ही या घटनेपासून वाचतो.

२०१२ मध्ये केंद्राने 'बायरॅक' स्थापन केले. त्याच्या 'बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट'मधून तरुण संशोधकाला १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतात. कर्ज नव्हे, अनुदान. योजना चांगलीच आहे. पण त्यासाठी हात धरणारे व्हेंचर सेंटर पुण्यात. २०२० मध्ये अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी आंबेडकरांच्या नावाने इनोव्हेशन मिशन जाहीर झाले. तीन वर्षांत ३० लाख, तेही भागभांडवल म्हणून, आणि तरुण निवडायचे इन्क्युबेशन केंद्रांमार्फत! केंद्रातच शिरकाव नसेल, तर नाव बाबासाहेबांचे असून उपयोग काय?

जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे, शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचे कॉलेज आहे. सातपुड्याच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल आहे. त्याची स्वस्त तपासणी कशी हवी, हे त्या वस्तीतली एम.एस्सी. झालेली मुलगी जास्त जाणते. पण अनुदान मंजूर होईपर्यंत घर कोण चालवणार? म्हणून ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरते.

आमची मागणी साधी आहे. विद्यापीठाच्या इन्क्युबेशन केंद्राने चोपडा, शिरपूर, साक्रीला येऊन मराठीत अर्ज समजावावेत. अर्जाच्या काळात विद्यावेतन द्यावे. कोणत्या जिल्ह्यातल्या, कोणत्या प्रवर्गातल्या किती जणांना पैसा मिळाला, ते दरवर्षी जाहीर करावे.