ठाकरे आणि थॅकरी : आडनावाला अर्थ असतो का?

मंडळी, केशोरीत बोलायचं म्हणजे विषय घरचा हवा, पण मी आज इंग्लंडातलं एक आडनाव घेऊन आलो आहे. थॅकरी.

कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरी यांचा जन्म 1811 साली कलकत्त्याचा. आडनाव मात्र यॉर्कशायरमधल्या एका जागेचं. नवव्या शतकात स्कँडिनेव्हियातले लोक तिकडे येऊन वसले. त्यांच्या भाषेत पहिल्या भागाचा अर्थ छप्पर शाकारायचं गवत, दुसऱ्याचा अर्थ कोपरा. म्हणजे गवताचा कोपरा! आपल्याकडे तणसाची छपरं होती, तेव्हा हे समजायला कठीण नाही. त्या जागेचे लोक दुसरीकडे गेले, जागेचं नाव सोबत गेलं. आजही ते यॉर्कशायरच्या परिसरात ठळकपणे आढळतं. लीड्स शहरातल्या वैद्यकीय संग्रहालयालाही तेच नाव आहे, फक्त स्पेलिंग थोडं वेगळं.

आता आपल्याकडे या. 1885 साली पनवेलला जन्मलेले केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार. या कादंबरीकाराच्या आवडीपोटी त्यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्यासारखं केलं, असं सांगितलं जातं. विदर्भातले अनेक ठाकरे ते वेगळं लिहितात. म्हणजे पाहा, इंग्रजीत पनवेलचे ठाकरे यॉर्कशायरच्या थॅकरींना जुळले आणि विदर्भातल्या ठाकऱ्यांपासून दूर गेले. देवनागरीत लिहिलं की उलट होतं. रक्ताचं नातं यातून एकही सिद्ध होत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात हेच मांडलं. विशेषनाम वस्तू दाखवतं, तिचे गुण सांगत नाही. त्यांचं उदाहरण डार्टमाउथचं. डार्ट नदीच्या मुखाशी वसलं म्हणून ते नाव पडलं. उद्या नदीनं पात्र बदललं तरी गावाचं नाव बदलणार नाही. आपले नागपुरे घ्या. नाव नागपूरचं, पण माणूस नागपूरला कधी न गेलेलाही असेल. शिवाय नागपुरे एकाच जातीत नाहीत.

हे मी आज का सांगतो? विद्यार्थी असताना मी नागपुरात खोली शोधत होतो. घरमालकांनी आडनाव विचारलं, ते ऐकून हसले, चहा दिला. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही आपल्यापैकीच." मी खरं ते सांगितलं. खोली "कालच दिली होती" असं निघालं. चहा तेवढा पिऊन झाला होता.

तेव्हा मला अपमान वाटला. पुढे तत्त्वज्ञान शिकवताना लक्षात आलं की त्या गृहस्थांची चूक दुहेरी होती. आडनावावरून जात कळते हे त्यांचं पहिलं गृहीत, आणि जातीवरून माणूस कळतो हे दुसरं. पहिलं तर तिथल्या तिथे खोटं ठरलं होतं. दुसरं तपासायची त्यांना गरजच वाटली नाही.

आडनावाचा इतिहास जरूर शोधा. पूर्वज कुठून आले, कोणत्या वाटेनं आले, ते त्यात सापडू शकतं. पण समोर उभा असलेला माणूस त्यात सापडत नाही. त्याच्याशी बोलावंच लागतं.