कॅव्हिअर : अंड्यांचा भाव आणि माशाचे वय

युरोप-अमेरिकेत नाताळच्या आणि नववर्षाच्या मेजवान्यांमध्ये एक सोपा पदार्थ पुष्कळदा दिसतो. आपल्या चक्क्यासारखे मऊ चीज घ्यायचे, त्यात थोडी आंबट साय, बारीक चिरलेला कांदा आणि लिंबाचा रस घालून ते घोटायचे, वर उकडलेल्या अंड्याचा कीस पसरायचा आणि शेवटी चमचाभर काळे, चकचकीत दाणे ठेवायचे. पाहुणे पावाचा किंवा बिस्किटाचा तुकडा त्यात बुडवून खातात, म्हणून या पदार्थाला 'डिप' म्हणतात. सारे काम दहा मिनिटांचे. ते काळे दाणे म्हणजे माशाची खारवलेली अंडी, अर्थात कॅव्हिअर.

कोकणात माशांच्या अंड्यांना आपण गाबोळी म्हणतो आणि ती तव्यावर परतून आवडीने खातो. मग तिकडे वाडगाभर चीजवर अंडी मात्र चमचाभरच का? याचे एक उत्तर भावात आहे. स्टर्जन नावाच्या माशाच्या खऱ्या कॅव्हिअरचा किरकोळ भाव किलोला लाख रुपये आणि त्याहूनही वर जातो. त्यामुळे घरगुती डिपमध्ये बहुधा खरे कॅव्हिअर नसतेच. उत्तर अटलांटिकमधल्या लम्पफिश नावाच्या स्वस्त माशाची अंडी काळ्या रंगात रंगवून वापरलेली असतात. ती चीजमध्ये घोटली तर रंग उतरून सारे मिश्रण करडे दिसू लागते. म्हणून पाककृतीत 'अंडी अगदी शेवटी घालावीत' अशी सूचना असते.

पण हेच खरे कॅव्हिअर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या दारूच्या गुत्त्यांत गिऱ्हाइकांपुढे फुकट ठेवले जाई. खारट खाल्ले की तहान लागते आणि बिअर अधिक खपते, एवढाच त्यामागचा हिशेब. फुकटचा पदार्थ इतका महाग कसा झाला? हा इतिहास समजून घ्यायचा तर आधी स्टर्जनची ओळख करून घ्यायला हवी.

एक प्राचीन आणि संथ मासा

स्टर्जनचे कुल अतिशय जुने आहे. त्याचे पूर्वज सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरच्या काळातही, पृथ्वीवर होते. त्याचा सांगाडा मुख्यतः कास्थीचा असतो. अंगावर नेहमीच्या माशांसारखे खवले नसतात, तर हाडाच्या ढालींच्या पाच रांगा असतात. तोंड खालच्या बाजूला असते आणि मोठेपणी त्यात दात नसतात. मुस्कटाखाली चार मिशा असतात. त्यांनी तळ चाचपत तो किडे, शिंपले, लहान मासे शोधतो. बऱ्याच जाती समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी नद्यांमध्ये शिरतात. सारे स्टर्जन उत्तर गोलार्धातले आहेत. भारतातल्या नद्यांत तो आढळत नाही.

कॅस्पियन आणि काळ्या समुद्रातला 'बेलुगा' हा त्यातला सर्वांत मोठा. १८२७ साली व्होल्गा नदीच्या मुखाशी पकडलेल्या एका मादीचे वजन १,५७१ किलो आणि लांबी ७.२ मीटर नोंदलेली आहे. बेलुगा शंभर वर्षेही जगू शकतो. मात्र मादी पहिल्यांदा अंडी घालते ती साधारण सोळा ते बावीस वर्षांची झाल्यावर, आणि त्यानंतरही दरवर्षी नव्हे, तर काही वर्षांच्या अंतराने. हा तपशील ध्यानात ठेवू या. पुढचा सारा इतिहास त्यावर बेतलेला आहे.

उपवासाच्या दिवसांतून बाजारपेठेत

'कॅव्हिअर' या शब्दाचे मूळ फारसी मानतात. 'खाया' म्हणजे अंडे. रशियन लोक मात्र त्याला 'इक्रा' म्हणतात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात उपवासाचे दिवस पुष्कळ असतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. माशाच्या अंड्यांना मात्र काही उपवासांना मुभा आहे. त्यामुळे व्होल्गाकाठी हा पदार्थ सामान्य घरांतही रुळला. ग्रीसमध्ये ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या पहिल्या सोमवारी आजही माशाच्या खारवलेल्या अंड्यांचे डिप करतात. भिजवलेला पाव किंवा बटाटा, लिंबाचा रस आणि अंडी घोटत त्यात ऑलिव्ह तेलाची धार सोडतात. तेल आणि रस यांचे दाट, न फुटणारे पायस बनते. ते सांधून ठेवण्याच्या कामी अंड्यांमधले लेसिथिनसारखे घटक येतात. अंडी कार्प किंवा कॉड माशाची, म्हणजे स्वस्त असतात. त्यामुळे उपवासाचा हा सण गरिबाच्या घरीही साजरा होतो. रशियात तर भाजलेल्या वांग्याच्या, कांदा-टोमॅटो घातलेल्या गरालाही 'इक्रा'च म्हणतात. आपल्या भरिताचा तो सख्खा भाऊ शोभावा.

दूरच्या बाजारात माल पोचवायचा, तर तो टिकायला हवा. अठराव्या शतकाच्या अखेरीस इओआनिस वार्वाकिस या ग्रीक दर्यावर्दीला रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने कॅस्पियनमधल्या मासेमारीचे हक्क दिले. लिंडेन झाडाच्या लाकडाची घट्ट पिंपे वापरून त्याने आस्त्राखानहून कॅव्हिअर परदेशी धाडले आणि अमाप पैसा मिळवला.

टिकवण्याचे मूळ तंत्र मिठाचे. ताजी अंडी चाळणीवर हलक्या हाताने घासून भोवतीच्या पडद्यातून मोकळी करतात, धुतात आणि त्यांना मीठ लावतात. परासरणामुळे काही पाणी बाहेर पडते, दाणे घट्ट होतात आणि जंतूंची वाढ मंदावते. वजनाच्या तीन-चार टक्के इतके बेताचे मीठ असेल, तर त्याला 'मालोसोल' म्हणजे 'कमी मिठाचे' म्हणतात. हे सर्वांत चवदार, पण थंडीवाचून टिकत नाही. ते उणे दोन ते उणे चार अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात आणि मिठामुळे ते त्या तापमानातही गोठत नाही. बर्फ आणि रेल्वे आल्यावर कमी मिठाचे कॅव्हिअर दूरच्या शहरांत जाऊ लागले, आणि मागणी वाढली.

डेलावेअर नदीवरची तीस वर्षे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नद्यांत तेव्हा स्टर्जन इतके होते की कोळ्यांना ते जाळी फाडणारे उपद्रवी जनावर वाटे. हडसन नदीकाठच्या ऑल्बनी शहरात त्याचे मांस इतके खपे की त्याला 'ऑल्बनीचे गोमांस' असे गमतीचे नाव पडले होते. १८७३ साली हेन्री शाख्ट या जर्मन स्थलांतरिताने डेलावेअर नदीकाठी कॅव्हिअरचा धंदा सुरू केला. तो पाहून इतरही आले. न्यू जर्सीतल्या नदीकाठच्या एका वस्तीचे नावच 'कॅव्हिअर' पडले. शतकाच्या शेवटी जगातल्या कॅव्हिअरचा मोठा वाटा अमेरिकेतून येत होता. गुत्त्यांत फुकट मिळण्याचा काळ तो हाच.

१८९० च्या सुमारास अटलांटिक स्टर्जनची वार्षिक पकड सुमारे ३,३५० टनांवर गेली. १९०१ पर्यंत ती दशांशाच्याही खाली आली. नदी तीच, जाळी तीच, कोळीही तेच, मासा मात्र उरला नाही. जर्मनीतल्या एल्ब नदीवरही तसेच घडले. युरोपीय स्टर्जन ही जात पुढे फ्रान्समधल्या जिरोंद खाडीपुरती उरली. तिथेही नैसर्गिक प्रजननाची शेवटची नोंद १९९४ सालची आहे.

वर्गात करण्याजोगा हिशेब

हे इतक्या झटपट कसे घडले, हे एका उदाहरणाने विद्यार्थ्यांना दाखवता येईल. समजा, एक हजार लहान मासे आहेत आणि दरवर्षी त्यांतले २० टक्के जाळ्यात सापडतात. इतर मृत्यू तूर्त सोडून देऊ. दोन वर्षांत अंड्यावर येणारा मासा असेल, तर प्रजननापर्यंत १,००० × ०.८ × ०.८ म्हणजे ६४० मासे पोचतील. ही जात तग धरेल. पण पंधरा वर्षांनी अंड्यावर येणारा मासा असेल, तर ०.८ ने पंधरा वेळा गुणावे लागेल. उरतात फक्त ३५. पकड दरवर्षी ५ टक्क्यांवर आणली, तर पहिल्या प्रकारचे ९०० च्या वर आणि दुसऱ्या प्रकारचे सुमारे ४६० उरतात. मासेमारीचा वेग तोच असला, तरी एका जातीला ती सोसते आणि दुसरीला ती बुडवते.

कॅव्हिअरच्या बाबतीत आणखी एक भर पडते. जी मादी इतक्या वर्षांनी अंड्यावर आली, नेमकी तीच हवी असते आणि अंडी काढण्यासाठी तिला मारले जाते. एरवी वस्तू दुर्मिळ होऊन महाग झाली, की लोक ती कमी घेतात आणि साठा सावरतो, असे आपण अर्थशास्त्रात शिकवतो. इथे भाव चढला तशी चैनीची वस्तू म्हणून प्रतिष्ठाही वाढली, आणि एक मासा मिळाला तरी वर्षाची कमाई होईल, या आशेने जाळी पडतच राहिली.

कॅस्पियनची पाळी

अमेरिकेतला साठा संपल्यावर कॅस्पियनचे महत्त्व वाढले. १९२० साली पेत्रोसियान बंधूंनी पॅरिसमध्ये दुकान काढले आणि रशियन कॅव्हिअर फ्रेंच श्रीमंतांच्या टेबलावर नेले. सोव्हिएत सरकारने समुद्रातल्या मासेमारीवर निर्बंध घातले, मत्स्यबीज केंद्रांतून कोट्यवधी पिल्लेही सोडली. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्होल्गोग्राडच्या धरणाने नदी अडवली आणि बेलुगाच्या अंडी घालण्याच्या बहुतेक जागा धरणापलीकडे गेल्या.

दक्षिण किनाऱ्यावर इराणमध्ये वेगळाच प्रश्न उभा राहिला. शिया परंपरेत खवले नसलेला मासा निषिद्ध असतो. १९७९ च्या क्रांतीनंतर स्टर्जनचे काय करायचे? माशाची तपासणी झाली. शेपटीच्या भागात चौकटीच्या आकाराचे खास प्रकारचे खवले असल्याचे दाखवले गेले आणि १९८३ साली आयातुल्ला खोमेनी यांनी हा मासा ग्राह्य ठरवला. शरीररचनाशास्त्राच्या एका बारकाव्यावर एक मोठा निर्यात-व्यवसाय तरला.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाला. एका समुद्राचे दोन वाटेकरी होते, ते पाच झाले. देखरेख ढिली पडली, बेरोजगारी वाढली आणि चोरट्या मासेमारीला ऊत आला. १९९८ पासून स्टर्जनच्या सर्व जाती वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे 'साइटिस'च्या, कक्षेत आल्या. २००५ मध्ये अमेरिकेने कॅस्पियनच्या बेलुगा कॅव्हिअरची आयात थांबवली. तरीही २०२२ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जाहीर केलेल्या मूल्यमापनात स्टर्जनच्या सर्व जातींना नष्ट होण्याचा धोका आढळला. त्याच वेळी त्यांचा नातलग असलेला चिनी पॅडलफिश नामशेष घोषित झाला.

आज आणि उद्या

आज कायदेशीर बाजारातले जवळजवळ सारे कॅव्हिअर तलावांत आणि टाक्यांत पाळलेल्या माशांचे असते. चीन त्यात आघाडीवर आहे. सायबेरियन स्टर्जनला उबदार पाणी आणि भरपूर खाद्य दिले, तर तो सात-आठ वर्षांत अंड्यावर येतो. अल्ट्रासाऊंड लावून मादी ओळखतात. यामुळे भाव काहीसे उतरले. पण नदीतला मासा आपोआप परत येत नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये अटलांटिक स्टर्जनच्या पकडीवर पूर्ण बंदी घातली. ती चाळीस वर्षे तरी ठेवावी लागेल असे ठरले, कारण माद्यांच्या किमान वीस पिढ्या, म्हणजे वीस लागोपाठच्या वर्षांत जन्मलेल्या माद्या, अंडी घालण्याच्या वयाला पोचायला हव्यात. तीस वर्षांत उडवलेली पुंजी परत जमवायला शतकही अपुरे पडू शकते.

आपल्याकडे स्टर्जन नसला, तरी हा हिशेब आहे. समुद्रातून गंगेत चढणारा हिलसा मासा १९७५ मध्ये सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्यामुळे वरच्या भागात दिसेनासा झाला. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ती माशांना अंडी घालायला उसंत मिळावी म्हणूनही. २०२३ मध्ये रुपेरी पापलेट हा राज्यमासा ठरला आणि हाताएवढीही न झालेली पापलेटची पिल्ले बाजारात येतात, ही कोळ्यांची जुनी तक्रार पुन्हा चर्चेत आली.

किनाऱ्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांना एक उपक्रम सुचवावासा वाटतो. मुलांना बाजारात पाठवून आठवडाभर एकाच जातीच्या माशांची लांबी मोजायला सांगावी. ती जात कोणत्या लांबीला अंड्यावर येते, हे मत्स्यव्यवसाय खात्याकडून विचारून घ्यावे. त्या लांबीच्या आतले मासे शंभरात किती, ते फळ्यावर लिहावे. डेलावेअरच्या काठी १८९० साली कोणी अशी मोजणी केली असती, तर १९०१ सालचा आकडा त्यांना अनपेक्षित वाटला नसता.