काचेवरचा ठसा, यंत्राचा कोड

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कोड लिहून घेणाऱ्या प्रोग्रामरला कोणते कौशल्य लागते? माझ्या मते या प्रश्नाचा पूर्वेतिहास आपल्याकडच्या व्याघ्रगणनेत सापडतो.

1972 च्या पहिल्या देशव्यापी गणनेत, तेव्हाच्या अविभाजित चंद्रपूर जिल्ह्यासह सर्वत्र, ठशांवरून वाघ मोजले गेले. वनरक्षक ठशावर काच धरून त्याची आकृती उतरवत; अनुभवी अधिकारी त्यावरून वाघ वेगळे ओळखत. 1987 मध्ये उल्लास कारंथ यांनी या अनुभवाचीच परीक्षा घेतली. पिंजऱ्यातल्या चार वाघांच्या ठशांच्या आकृत्या त्यांनी जाणकारांपुढे ठेवल्या. खरा आकडा कोणालाच सांगता आला नाही. तरी पद्धत चालूच राहिली. 2005 मध्ये उघड झाले, की राजस्थानातल्या सरिस्कात वाघ कागदावर होते, जंगलात नव्हते.

मग कॅमेरे आले. 2018 च्या गणनेत ताडोबासह देशभरातून सुमारे साडेतीन कोटी छायाचित्रे जमली. त्यांत वाघांची 76,651. निवड संगणकाने केली, पट्ट्यांचे साम्यही त्यानेच सुचवले. अखेरची खात्री माणसांनी केली.

प्रोग्रामरला हवी ती कारंथांची युक्ती: उत्तर आधीच ठाऊक असलेली परीक्षा. कोड मागण्यापूर्वी चाचण्या स्वतः लिहाव्यात. रिकामी यादी आली तर? 29 फेब्रुवारी आली तर? आलेला कोड ओळ न ओळ वाचावा. सुबकपणा हा पुरावा नव्हे. कोड आणि चाचणी दोन्ही एकाच यंत्राकडून घेतल्या, तर ठसे मोजणाऱ्यानेच स्वतःला उत्तीर्ण केल्यासारखे होईल.