फुटकी बादली आणि बावीस मीटर

मंडळी, आमच्या मालेगावचं नाव काढलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात : यंत्रमाग आणि इथे तयार होणारे गावठी सिनेमे. 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी मौसम नदीकाठचं हे गाव कापडाचं केलं. आठवडाभर मागांची खडखड चालते, शुक्रवारी थांबते. मोठ्यांना सुटी. पोरांनी मात्र खेळायचं कुठे? गल्लीत! म्हणूनच मला नागपूरची एक गोष्ट सांगावीशी वाटते.

साल 2001. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना झोपडपट्टीतली काही पोरं भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. पुढच्याच वर्षी त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्पर्धा भरवली, तर 128 संघ उतरले! त्यातूनच ‘स्लम सॉकर’ उभी राहिली. 2016 मध्ये तिला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, आणि 2022 मध्ये नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मधून अमिताभने बारसे सरांवर बेतलेली भूमिका केली.

सिनेमा बघून सगळे सरांचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण मला ती बादली जास्त महत्त्वाची वाटते. चेंडू मिळण्याआधीच ही पोरं खेळत होती. उत्साह होता, दम होता. त्यांना खेळाडू म्हणून मोजणारं कुणीतरी हवं होतं, एवढंच.

आता जागेचं बघा. बेघरांचा विश्वचषक 2003 पासून भरतो, स्लम सॉकरची पोरंही भारताकडून त्यात खेळली आहेत. त्याचं मैदान किती? जेमतेम 22 मीटर लांब, 16 मीटर रुंद! एका बाजूला चारच खेळाडू, त्यातला एक गोलकीपर. सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढ्याशा जागेत कुणाला उभं राहून चालतच नाही, सगळ्यांची दमछाक होते. मुलांनी रोज सरासरी तासभर घाम गाळावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी याहून स्वस्त व्यायामशाळा कुठली?

आमच्या गल्ल्यांतली काही पोरं मोठी होऊन मागावरच उभी राहणार, कापसाच्या धुळीत, तासन् तास. त्यांची छाती आणि पाय घडायचे ते आत्ताच. मोठं स्टेडियम होईल तेव्हा होवो. तोवर दर शुक्रवारी बावीस मीटर मोकळी जागा आणि शिट्टी घेऊन उभा राहणारा एक माणूस, इतकं जमेल ना?