लिहिणारा, छापणारा आणि पुढे पाठवणारा

समाजमाध्यमांविषयी तक्रार करताना आपण साधारण तीन गोष्टी बोलतो. तिथे कोणीही उठतो आणि लिहितो; नाव लपवून लिहितो; आणि खोटेनाटे वाऱ्यासारखे पसरते. नोकरी सांभाळून गेली वीस-बावीस वर्षे मी एकोणिसाव्या शतकातली मराठी वर्तमानपत्रे आणि मासिके वाचत आलो आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे काही शिकलो ते पिवळ्या पडलेल्या फायलींनीच शिकवले. त्या वाचनातून एवढे दिसते की, या तिन्ही गोष्टी आपल्याकडे मोबाइलबरोबर आलेल्या नाहीत. त्या छापखान्याबरोबर आल्या. मात्र तिन्हींची किंमत सारखी नाही, आणि टीकाकारांची गल्लत नेमकी इथेच होते.

आधी नाव लपवण्याचे घेऊ. भाऊ महाजन यांनी १८४१ साली मुंबईत ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक सुरू केले. १८४८ च्या मार्चपासून त्यात ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे येऊ लागली. ती एकूण १०८ झाली, आपण त्यांना शतपत्रे म्हणतो. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीचे होते, सरकारी नोकरीत होते, आणि ज्या ब्राह्मणवर्गावर ते कोरडे ओढत होते त्याच वर्गातले होते. खऱ्या नावाने ही १०८ पत्रे लिहून झाली असती का? मला शंका आहे. पुढे ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्यावर सडकून टीका केली. पण ती लेखनावरची टीका होती. टोपणनाव घेतले एवढ्याने लेखन खोटे ठरत नाही.

रखमाबाईंच्या बाबतीत तर टोपणनाव ही चैन नव्हतीच. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. दादाजी भिकाजीने १८८४ साली दावा लावला. दावा चालू असताना, १८८५ च्या जून आणि सप्टेंबरमध्ये, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या इंग्रजी सहीने तिची दोन पत्रे छापून आली. एक बालविवाहावर, दुसरे लादलेल्या वैधव्यावर. न्यायमूर्ती पिन्हे यांचा निकाल तिच्या बाजूने लागला. अपिलानंतर प्रकरण फिरले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. तिने तुरुंग पत्करू असे सांगितले. ‘केसरी’ तिच्या विरुद्ध बाजूला उभा होता. दादाजीने आपली बाजू छापून मांडली, रखमाबाईंनी त्याला ‘बॉम्बे गॅझेट’मधून उत्तर दिले. घरातले भांडण असे चव्हाट्यावर आणण्याबद्दल आज जी नाके मुरडली जातात, ती तेव्हाही मुरडली गेलीच. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन दादाजीशी तडजोड झाली आणि रखमाबाई डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे जी कारणे होती, त्यांत हे प्रकरण मोठे होते.

‘कोणीही लिहितो’ या तक्रारीचे उत्तर एका चौदा वर्षांच्या मुलीने देऊन ठेवले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ताबाईने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदया’त छापला गेला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनचे पत्र. त्या वेळी मराठीत लिहिण्याचा अधिकार कोणाला होता, हे लक्षात घेतले तर मुक्ताबाई ही त्या काळची ‘कोणीही’च होय. आपल्या माणसांना शिकण्यावाचून, धर्मावाचून, जमिनीवाचून कसे ठेवले, हे तिने स्वतः लिहिले. दुसऱ्याने तिच्यावतीने लिहिले नाही. समाजमाध्यमांचे मोल मला इथे दिसते. आज पाथर्डीची ऊसतोड करणारी बाई किंवा नळबाजारातला हमाल आपले म्हणणे मांडताना मिशनऱ्याची वाट पाहत नाही. हे मोल कमी नाही. समाजमाध्यमांनी भाषा बिघडवली म्हणणाऱ्या मंडळींना त्या भाषेत नव्याने कोण लिहू लागले हे दिसत नाही, किंवा दिसते म्हणूनच ती चिडतात.

आता तिसरी तक्रार. ती खरी आहे, आणि तिच्यासाठी थोडे थांबावे लागेल.

१८८१ च्या आरंभी निघालेला ‘केसरी’ आणि त्याचे इंग्रजी भावंड ‘मराठा’ यांनी वर्ष संपायच्या आतच कोल्हापूरचा प्रश्न हाती घेतला. तिथले महाराज, चौथे शिवाजी, वयाने लहान होते आणि त्यांना वेड लागल्याचे सांगितले जात होते. कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे आणि इंग्रज अधिकारी त्यांचा छळ करतात, अशी बोलवा होती. बर्व्यांच्या नावाची काही पत्रे पुण्यात आली. महाराजांविरुद्धच्या कटाचा त्यांत पुरावा होता. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक, दोघेही पंचविशीतले. दोन्ही पत्रांतून बर्व्यांवर आरोप छापले गेले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. त्यात ती पत्रे बनावट असल्याचे उघड झाले. संपादकांनी माफी मागितली, पण बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. प्रत्यक्षात ते मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले, आणि आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. खटला चालू असताना, मार्चमध्ये, ‘केसरी’च्या संस्थापकांपैकी चिपळूणकर वारले. त्यांनी ‘निबंधमाले’त ज्यांची हेटाळणी केली होती, त्या जोतीराव फुल्यांचे सहकारी रामशेट उरवणे यांनी टिळक-आगरकरांसाठी दहा हजारांचा जामीन दिला. पुण्याचे सार्वजनिक जीवन आपण समजतो तितके सरळ रेघांचे नव्हते, ते असे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. डिसेंबर १८८३ मध्ये नगरला नजरकैदेत असताना चौथे शिवाजी महाराज ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मेले. वय अवघे वीस. म्हणजे पत्रे खोटी होती, आणि महाराजांच्या जिवाबद्दल लोकांना वाटणारी भीती खोटी नव्हती. आजच्या फॉरवर्डचा पेच हाच आहे. खोटा कागद बऱ्याचदा खऱ्या भीतीवर स्वार होऊन येतो, म्हणून तर शहाणीसुरती माणसेही तो पुढे पाठवतात. आमच्या भावकीच्या गटावर रोज सकाळी याची प्रचीती येते, असो.

फरक आहे तो पुढच्या टप्प्यात. खोट्या पत्रांवर विसंबून ज्यांनी छापले, ते सापडले आणि तुरुंगात गेले. ते सापडले कारण १८६७ च्या कायद्याने प्रत्येक वर्तमानपत्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक होते. पत्र लिहिणारा पडद्याआड राहू शकत होता, छापणारा नाही. लोकहितवादींच्या मागे भाऊ महाजन उभे होते, ‘हिंदू स्त्री’च्या मागे ‘टाइम्स’चा संपादक. आज ही मधली जागाच रिकामी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाने कंपन्या मध्यस्थ ठरतात आणि काही अटी पाळल्या की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही. ती जागा रिकामी झाली म्हणून तर आजच्या मुक्ताबाईला कोणाचा दरवाजा ठोठवावा लागत नाही, आणि आजच्या बनावट पत्रालाही लागत नाही.

सरकारने ही जागा भरण्याचा प्रयत्न केला तो भलत्याच टोकाने. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न फेसबुकवर विचारणाऱ्या पालघरच्या तरुणीला अटक झाली, आणि तिचा मजकूर ‘लाइक’ करणाऱ्या मैत्रिणीलाही. दोघींनी खोटे काहीच लिहिले नव्हते. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६ अ रद्द केले, ते योग्यच झाले.

आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झाले? आठवडे बाजाराचा दिवस होता. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरतात, असे संदेश आणि चित्रफिती व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने खोलीत कोंडून ठेचून मारले. अफवेला मोबाइल लागत नाही हे खरे. १८९६ च्या ऑक्टोबरात, प्लेगच्या दिवसांत, दवाखान्यात नेऊन माणसे मारतात अशा वदंतेवरून हजारभर गिरणी कामगार मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले होते. पण तोंडी वदंतेला वेग आणि चित्र नसते. राईनपाड्यात मारणाऱ्यांवर खटला झाला. तो संदेश ज्यांच्या बोटांवरून आला, त्यांचा हिशेब मांडण्याची सोय कुठल्याच फायलीत नाही. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० च्या एप्रिलमध्ये, पुष्कळदा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. त्या संदेशांवर दोन बाणांची खूण दिसते. पहिला पाठवणारा कोण, ते तिथे दिसत नाही.

१८६७ चा तो कायदा मार्च २०२४ मध्ये जाऊन त्याच्या जागी नवा आला, पण नियतकालिकांपुरताच. मुद्रक आणि प्रकाशक यांच्या नावांची ओळ याही अंकाच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापलेली असेल.