विळ्यासारखी पेशी आणि प्रयोगशाळेचे दार

रोगाला जात नसते, धर्म नसतो, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु विदर्भातील सिकलसेल या रक्तविकाराचा इतिहास पाहिला, तर हे वचन अर्धेच खरे आहे असे दिसून येते. हा विकार मातापित्यांकडून अपत्याकडे जातो. विवाहसंबंध आपापल्या समाजातच होत राहिल्याने तो काही समाजांत पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करून राहिला. विदर्भात गोंड, परधान, माडिया हे आदिवासी आणि पूर्वाश्रमीचे महार, म्हणजे आजचे बौद्ध बांधव, यांच्यामध्ये त्याचे प्रमाण अधिक आढळते. या विकारात एरवी वाटोळ्या असणाऱ्या तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात.

१९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला निबंध ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो दलितांनी बौद्ध धर्माचा स्वीकार केला, त्या घटनेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. ज्या समाजाने नुकतीच मान ताठ केली होती, त्याच समाजातील अनेकांच्या रक्तात हे जुने दुखणे दडलेले होते. त्याचे निदान करणाऱ्यांचे ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतो. ज्यांच्या घरी हा रोग आहे, त्यांच्या मुलांना सूक्ष्मदर्शकाच्या या बाजूला, संशोधकाच्या आसनावर, कोण बसवणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला काही काळ अमेरिकेकडे वळावे लागते, कारण या रोगाचा वैद्यकीय इतिहास तेथेच सुरू झाला. १९०४ साली शिकागो येथे वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरून आलेला कृष्णवर्णीय तरुण रुग्णालयात दाखल झाला. तो दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराला त्याच्या रक्तात चमत्कारिक आकाराच्या पेशी दिसल्या आणि १९१० मध्ये डॉ. जेम्स हेरिक यांनी तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. शास्त्रीय ग्रंथांत नोंदला गेलेला सिकलसेलचा हा पहिला रुग्ण स्वतः विद्यार्थी होता; मात्र त्या संशोधनात त्याची भूमिका केवळ रुग्णाचीच राहिली.

दुसऱ्या एका विद्यार्थ्याची कथा निराळी आहे. हार्वे इटानो हा जपानी वंशाचा अमेरिकन तरुण १९४२ साली बर्कले येथील विद्यापीठातून सर्वोच्च गुणवत्तेने पदवीधर झाला. परंतु ते महायुद्धाचे दिवस होते. जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना अमेरिकन शासनाने छावण्यांत डांबले, त्यांत इटानोही होता. त्याच वर्षी सेंट लुईस येथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या विद्यापीठाने त्याला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश दिला आणि तो छावणीतून बाहेर पडू शकला. पुढे लायनस पॉलिंग यांच्या प्रयोगशाळेत त्याने सिकलसेलच्या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने तपासले. ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा मुळातच वेगळे असल्याचे सिद्ध झाले. १९४९ सालच्या त्या निबंधाने एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत असू शकते, हे जगाला प्रथमच दाखवून दिले.

येथे इतिहासाशी प्रामाणिक राहिले पाहिजे. ज्या विद्यापीठाने इटानोला आत घेतले, त्याची दारे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना तेव्हाही बंद होती. फादर क्लॉड हाइटहाउस यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये व्यासपीठावरून या अन्यायाचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला आणि त्याच उन्हाळ्यात पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथे दाखल झाले. संस्था ख्रिस्ती असली म्हणजे तिचे दार आपोआप उघडे असतेच असे नाही. कोणीतरी ते उघडावे लागते.

एका दयाळू अपवादावर समाज उभा राहत नाही, हे ओळखून अमेरिकेने पुढे याची व्यवस्था लावली. १९७२ मध्ये अल्पसंख्याकांच्या महाविद्यालयांना जैववैद्यकीय संशोधनासाठी अनुदान सुरू झाले. १९७७ पासून पदवीच्या अखेरच्या दोन वर्षांतील निवडक विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन प्रयोगशाळेत शिकवले जाऊ लागले. विद्यावेतन हा यातील कळीचा मुद्दा होय. गरीब घरातील मुलाची सुटी ही त्या घराची मिळकत असते. सुटीत तो दुकानात राबला नाही, तर पुढच्या सत्राची फी कोठून यायची? म्हणून त्याच्या शिकण्याचेच वेतन दिले गेले. चार दशकांहून अधिक काळ चाललेला हा पदवीपूर्व कार्यक्रम २०२५ साली तेथील शासनाने बंद केला. वर्षानुवर्षे चाललेली सोयही एका निर्णयाने संपू शकते, हे त्यावरून शिकावे.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधन छात्रवृत्ती सुरू केली. परंतु साध्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही. ख्रिस्ती, बौद्ध, मुस्लिम आदी अल्पसंख्याकांसाठी २००९ मध्ये आलेली मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती पदव्युत्तर संशोधनासाठी होती आणि २०२२ मध्ये तीही थांबवण्यात आली. २०२३ साली देशात सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू झाले असून त्याची मुदत २०४७ पर्यंत आहे. म्हणजे आज शाळेत बसलेली मुलेच त्या कार्याचे वारस ठरणार आहेत.

नागपुरात काय नाही? १८८३ चे हिस्लॉप महाविद्यालय आहे, १९०६ ची विज्ञान संस्था आहे, १९४७ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि सेमिनरी हिल्सवर १९५६ पासून आपले सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालय उभे आहे. आपल्या संस्था आपण चालवाव्यात, हा हक्क संविधानाच्या कलम ३० ने आपल्याला दिला आहे. त्या हक्काचा विनियोग केवळ प्रवेशाच्या यादीपुरता का असावा? एखाद्या धर्मग्रामाने दरवर्षी दोन विद्यार्थ्यांच्या, मग ते कॅथलिक असोत, बौद्ध असोत वा गोंड, उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचे विद्यावेतन उचलले आणि एखाद्या प्राध्यापकाने त्यांना आपल्या प्रयोगशाळेत जवळ बसवून घेतले, तर कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. शाळा आणि दवाखाने काढून आपल्या पूर्वसूरींनी दोन दारे उघडली. तिसरे दार प्रयोगशाळेचे आहे, आणि ते उघडणे आपल्या हाती आहे.