‘जर-तर’चा इतिहास : परतूर, असई आणि गंगाधरपंत

पानिपतचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “विश्वासरावांना गोळी लागली नसती तर आज चित्र वेगळं असतं.” आणि बोलणं तिथंच थांबतं. वेगळं म्हणजे नेमकं कसं, हे कुणी सांगत नाही. हाच प्रश्न पुढं नेणाऱ्या कथा-कादंबऱ्यांचा एक अख्खा प्रकार जगात आहे. त्याला पर्यायी इतिहास म्हणतात. मला या वाचनाचा नाद आहे, आणि आपल्या जालना जिल्ह्याचा त्याच्याशी चांगलाच संबंध आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी एक फरक. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही ऐतिहासिक कादंबरी. तिच्यात लढाईचा निकाल तोच राहतो. पर्यायी इतिहासात लेखक एकच घटना बदलतो आणि पुढचं सगळं त्या हिशेबानं मांडतो. मराठीत यातलं उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर एका वेगळ्याच भारतात पोचतात. तिथं १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांची गोळी थोडक्यात हुकलेली असते. मराठे जिंकलेले असतात, आणि इंग्रजांकडं मुंबई उरलेली असते ती भाडेपट्ट्यानं! याच कथेचं इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. घरात कुणाचं जुनं पुस्तक पडलं असेल तर आधी ते शोधा.

आता जालन्याचं. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला. त्यानंतर पेशव्यांची खलबतं झाली ती पटदूरला, म्हणजे आपल्या परतूरला. उत्तरेच्या मोहिमेवर रघुनाथरावांऐवजी सदाशिवरावभाऊंना पाठवायचं इथंच ठरलं आणि मार्चमध्ये फौज इथून निघाली. म्हणजे पानिपतचा पहिला ‘जर’ रणांगणावरचा नाहीच, तो परतूरचा आहे. भाऊंऐवजी दुसरं कुणी गेलं असतं तर? गोळी नशिबाची म्हणता येते. कुणाला पाठवायचं हा मात्र माणसांनी विचार करून घेतलेला निर्णय होता.

दुसरी जागा जालना जिल्ह्यातलीच असई. २१ सप्टेंबर १८०३ ला आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. दोघांनी वेगळ्या वाटेनं जायचं आणि २४ तारखेला मिळून शिंदे-भोसल्यांवर चालून जायचं असं ठरलं. पण २३ ला वेलस्लीला कळलं की मराठी फौज अगदी जवळ आहे. तो थांबला नाही. वाटाडे म्हणत होते, केळणा नदीला इथं उतार नाही. त्याला मात्र नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. गावं आहेत म्हणजे लोक ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणार, हा त्याचा तर्क. तो बरोबर निघाला. नदी ओलांडताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्यानं उडालं. पुढं लढाईत त्याचा एक घोडा मेला, दुसरा जखमी झाला. कंपनीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली नाहीतर जखमी झाली. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनच्या विरोधात उभा राहिला.

तो गोळा हातभर सरकला असता तर? युरोपचा इतिहास केळणेच्या पात्रात बदलला असता, असं म्हणायला मजा येते. पण आपलं काय झालं असतं? इथं खरी परीक्षा आहे. स्टीव्हन्सन एका दिवसाच्या अंतरावर होता. उत्तरेत जनरल लेकनं ११ सप्टेंबरलाच शिंद्यांच्या फौजेला दिल्लीजवळ हरवलं होतं. दुसऱ्या बाजीरावानं ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह करून कंपनीची फौज घरात घेतलेलीच होती. आणि होळकर या लढाईत उतरलेच नव्हते. म्हणजे वेलस्ली पडला असता तरी आपली फूट तशीच राहिली असती. एक गोळा सरकवून ती सांधता येत नाही.

म्हणून मला हा प्रकार महत्त्वाचा वाटतो. योगायोगानं काय झालं आणि आपल्या करणीनं काय झालं, हे तो वेगळं काढून दाखवतो. आपण हरलो की नशिबाला बोल लावतो, नाहीतर एखाद्या जातीला, घराण्याला. ‘जर’ प्रामाणिकपणे तपासला तर तो आरोप बहुतेक वेळा टिकत नाही.

धोकाही आहे. गोष्टीत लेखक सरळ सांगतो की हे मी रचलंय. व्हॉट्सॲपवर फिरणारा रचलेला इतिहास मात्र खरा म्हणून येतो आणि त्यावरून गावात पोरांची डोकी फुटायची वेळ येते. खरं काय घडलं हे ज्याला माहीत आहे, त्यालाच बदललेली गोष्ट ओळखता येते. आणि तिची गंमतही त्यालाच कळते.

सुरुवात करायची असेल तर नारळीकरांची कथा वाचा आणि सोबत शेजवलकरांचं ‘पानिपत’ ठेवा. इंग्रजी जमत असेल तर हॅरी टर्टलडव्हची ‘द लास्ट आर्टिकल’ घ्या. नाझी फौजा भारतात पोचल्यात आणि समोर गांधीजींचा सत्याग्रह उभा आहे, अशी ती कथा. फिलिप के. डिकची १९६२ सालची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ त्यानंतर. प्रत्येक वेळी तीन गोष्टी बघा : नेमकं काय बदललं, त्याआधीचं सगळं खरं आहे का, आणि पुढचं पटतं का.

मराठवाड्याचा मोठा ‘जर’ अजून फारसा लिहिलेला माझ्या वाचनात नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या नसत्या तर? ते दिवस बघितलेली माणसं आता थोडीच उरलीत. कुणाला ही गोष्ट लिहायची असेल तर आधी त्यांच्याजवळ बसा, खरं काय घडलं ते ऐकून घ्या. ‘जर’ त्यानंतर.